रँग्लर घडवणारी माणसं

मराठीत 'कोच' या शब्दाची मोठी गंमत आहे. आमच्या आजीच्या घरी कोच म्हणजे दिवाणखान्यातली गादीची बैठक. पाहुणे आले की त्यांना आग्रहाने कोचावर बसवायचं आणि आम्हा मुलांना त्यावरून उठवायचं. रेल्वेच्या तिकिटावर कोच म्हणजे डबा. शिवाजी पार्कात कोच म्हणजे आचरेकर सर. आणि इथे विलायतेत आम्हा आयटीवाल्यांच्या आयुष्यात आणखी एक कोच आला आहे. कंपनीने पैसे मोजून आपल्यासमोर आणून बसवलेला, आणि उत्तरं देण्याऐवजी तासभर प्रश्नच विचारणारा!

आजीचा कोच वेगळ्या कुळातला, बाकीचे सगळे एकाच घराण्यातले. हंगेरीत कोच याच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास तिथे बांधल्या जाणाऱ्या घोडागाड्या युरोपभर नावाजल्या गेल्या आणि गावाचं नाव गाडीला चिकटलं, जसं पैठणचं नाव पैठणीला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या विद्यापीठांतल्या वात्रट पोरांनी हा शब्द खाजगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना लावला. गाडीत बसलं की माणूस मुक्कामाला पोचतो, तसा हा मास्तर आपल्याला परीक्षेच्या पार नेऊन सोडतो, म्हणून तो कोच. होड्यांच्या शर्यतींत आणि इतर खेळांत हा शब्द त्यानंतर गेला. म्हणजे कोच आधी अभ्यासाचा, मग मैदानाचा आणि सगळ्यात शेवटी आमच्या ऑफिसचा.

मंडळी, शब्दाची ही वंशावळ उगाळण्याचं कारण अगदी घरगुती आहे. आमची मुलगी यंदा इयर फाइव्हमध्ये आहे. इलेव्हन प्लस म्हणजे काय हे आपल्या मंडळातल्या घरांना सांगायला नको. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत सुद्धा विषय एकच: "तुमचा ट्यूटर कोण?" आमच्याही मुलीला दर शनिवारी एका ट्यूटरकडे पोचवण्याची ड्यूटी माझ्याकडे आहे. तिथे ती घड्याळ लावून पेपर सोडवते आणि घरी आल्यावर, पेपरात कधीच येणार नाहीत असे प्रश्न मला विचारते. मला वाटतं, ही शिकवणी बंद करून त्या प्रश्नांच्या मागे लागावं. बायकोचं म्हणणं, "अरे, आधी दार तर उघडू दे. आत गेल्यावर काय ते प्रश्न विचारेल ती." पुण्यात क्लासच्या गल्लीत वाढलेल्या आम्हा दोघांनाही दुसऱ्याची बाजू नीट कळते, म्हणून वाद मिटत नाही. तेव्हा मी आपला इतिहासात शिरलो. कोच लावून करिअर घडतं म्हणतात, तर ते पहिल्या कोचांनी कसं घडवलं हे तरी पाहू!

त्यासाठी केंब्रिजला जायला हवं. तिथल्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. ट्रायपॉस म्हणजे मूळची एक तिवई, जुन्या काळी वादविवादाच्या परीक्षेत तिच्यावर एक पदवीधर बसत असे. वाद घालणारा तो रँग्लर. पुढे तोंडी वाद गेले, लेखी पेपर आले, पण नाव राहिलं. पहिल्या वर्गात येणारे सगळे रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सिनियर रँग्लर. सगळ्यांचा क्रम जाहीर होई. १८५४ साली या परीक्षेत आठ दिवसांत १६ पेपर होते, मिळून साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. वरच्या क्रमांकावर आलं की कॉलेजची फेलोशिप, वकिली, चर्च, सगळीकडची दारं उघडत. असं असताना केवळ प्रोफेसरांच्या व्याख्यानांवर कोण विसंबणार? म्हणून प्रत्येक हुशार मुलगा पदरचे पैसे देऊन कोच लावी. थोडक्यात, क्लासची संस्कृती ही काही दादर-पुण्याची मिरासदारी नव्हे.

या कोचांमधला पहिला मोठा माणूस म्हणजे विल्यम हॉपकिन्स. याची गोष्ट मला फार आवडते. हा मूळचा शेतकरी. शेती जमली नाही, पहिली पत्नी वारली, तेव्हा जमीन विकून कर्ज फेडलं आणि वयाच्या तिशीत तो पीटरहाऊस कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८२७ साली सातवा रँग्लर आला तेव्हा चौतिशीत होता. पण तोवर त्याने दुसरं लग्न केलं होतं आणि त्या काळी संसारी माणसाला फेलो होता येत नसे. मग पोट भरायला शिकवण्या सुरू केल्या. त्यातून असा जम बसला की लोक त्याला 'सिनियर रँग्लर घडवणारा' म्हणू लागले. स्टोक्स, केली, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, मॅक्सवेल, टेट... विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली अर्धी अनुक्रमणिका या एका माणसाच्या खोलीत बसून गेलेली आहे.

त्यातल्या थॉमसनची हकिकत पाहा. १८४५ साली तोच पहिला येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. निकालाच्या दिवशी त्याने नोकराला पाठवलं ते 'दुसरा कोण आला ते बघून ये' असं सांगून, आणि नोकराने परत येऊन सांगितलं, "आपणच!" ही आख्यायिका आहे, पण थॉमसन दुसरा आला हे खरं. पहिला आला तो स्टीफन पार्किन्सन. आज हे नाव कुणाला आठवतं?

थॉमसनच्या आयुष्याला वळण लागलं ते त्यानंतर काही दिवसांनी. त्याला एका लेखात जॉर्ज ग्रीन नावाच्या माणसाच्या निबंधाचा उल्लेख सापडला होता. ग्रीन हा नॉटिंगहॅमचा पिठाच्या गिरणीवाला. घरच्या घरी गणित शिकून त्याने १८२८ साली विद्युत आणि चुंबकत्वावर निबंध छापला होता, तोही वर्गणीदार जमवून. फारसा कुणी वाचला नाही, आणि १८४१ साली ग्रीन वारला. थॉमसनने निबंध पुष्कळ शोधला, मिळाला नाही. पदवी पदरात पडल्यावर पॅरिसला निघायच्या आदल्या दिवशी सहज हॉपकिन्सजवळ विषय काढला. हॉपकिन्स म्हणाला, माझ्याकडे आहे की, आणि प्रती काढून हातात दिल्या! थॉमसनने त्या पॅरिसच्या गणितज्ञांना दाखवल्या, पुढे निबंध पुन्हा छापून आणला, आणि ग्रीनचं नाव जगभर झालं. आपल्यापैकी इंजिनिअरिंग केलेल्यांनी ग्रीनचं प्रमेय एम-थ्रीला की कुठे तरी घोकलं असेल, ते याच गिरणीवाल्याचं.

मी या प्रसंगापाशी बराच वेळ थांबलो. शिष्य रोज समोर बसत होता, निबंध कपाटात होता, आणि तो बाहेर आला परीक्षा संपल्यावर. हॉपकिन्सला दोष द्यावा असं वाटत नाही. शिष्याला कुठे पोचवायचं हे गाडीच्या पाटीवर लिहिलेलं होतं. ग्रीन त्या रस्त्यावर नव्हता.

१८५४ साली हॉपकिन्सचेच दोन शिष्य पहिले आणि दुसरे आले. दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हा केंब्रिजला आला तेव्हा त्याच्या डोक्यात ज्ञानाचा ढीग होता पण कसलीच शिस्त नव्हती, आणि त्याच्या पद्धतशीर कोचाला ते पाहून धडकी भरली, असं त्याचा मित्र टेट याने लिहून ठेवलं आहे. हॉपकिन्सने त्याला शिस्त लावली, पण त्याची उधळी बुद्धी मारली नाही. पदार्थविज्ञानात या मुलाला चुकीचा विचार करताच येत नाही, असं त्याचं मॅक्सवेलबद्दल मत होतं. शिष्याला ओळखणं हेही कोचाचं कामच.

आणि पहिला आला तो एडवर्ड राऊथ. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी कान टवकारले असतील! होय, राऊथ-हर्विट्झ निकषाचा राऊथ तो हाच. त्या तक्त्याने मला शेवटच्या वर्षाला दहा मार्क दिले होते, पण हा माणूस आपल्या काळातला सगळ्यात मोठा क्लासवाला होता हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. जन्म कॅनडातल्या क्विबेकचा. म्हणजे आपल्यासारखाच समुद्र ओलांडून आलेला. हॉपकिन्सची गादी त्याने चालवली आणि गुरूच्या कितीतरी पुढे नेली. १८५५ ते १८८८ या काळात सहाशेहून अधिक शिष्य, त्यांतले पंचवीसहून अधिक सिनियर रँग्लर, आणि तेही सलग वीसपेक्षा जास्त वर्षं पहिला नंबर राऊथच्याच घरचा. पद्धत म्हणाल तर आजच्या कोणत्याही क्लासवाल्याने शिकावी. लहान तुकड्या, आठवड्यातून तीनदा शिकवणी, स्वतः तयार केलेल्या हस्तलिखित नोट्स मुलांनी उतरवून घेण्यासाठी ठेवलेल्या, दर आठवड्याला एक प्रश्नपत्रिका, आणि तिचे गुण सगळ्यांना दिसतील असे टांगलेले. लॉर्ड रॅले, जे. जे. थॉमसन, लार्मोर हे सगळे याच साच्यातून गेले. १८८८ साली राऊथ निवृत्त झाला तेव्हा जुन्या शिष्यांनी हर्कोमर या नामांकित चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि ते राऊथच्या पत्नीला भेट दिलं. क्लासवाल्याला असा निरोप क्वचितच मिळत असेल.

इथवर वाचून दाखवल्यावर आमच्या घरी विजयी मुद्रा कुणाची होती हे सांगायला नको. जे. जे. थॉमसनने पुढे इलेक्ट्रॉन शोधला तो काही राऊथच्या साप्ताहिक पेपरांमुळे डोकं बधिर होऊन नव्हे! बायकोचा मुद्दा मला मान्यच करावा लागला. घोटून घेतल्याने बुद्धी मरते हे सरसकट विधान इतिहासात टिकत नाही.

पण राऊथनंतरच्या पिढीत याच साच्याने काहींना भाजलंही. राऊथनंतरचा आघाडीचा कोच होता वेब. त्याचे शिष्य वरचे नंबर मिळवत, त्याबद्दल शंका नाही. बर्ट्रांड रसेल १८९३ साली सातवा रँग्लर झाला आणि परीक्षा संपल्यावर त्याने गणिताची सगळी पुस्तकं विकून टाकली. पुन्हा गणिताचं पुस्तक बघायचं नाही अशी शपथ घेतली, असं त्यानेच लिहिलं आहे. सुदैवाने त्याने शपथ मोडली. जी. एच. हार्डीही वेबकडेच जायचा. तिथली परीक्षेची तालीम त्याला इतकी असह्य झाली की गणित सोडून इतिहास घ्यावा असा विचार त्याने केला होता. पुढे लव्ह नावाच्या एका प्राध्यापकांनी त्याला काही सत्रं शिकवलं आणि जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रंथ वाचायला सांगितलं. खरं गणित म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, असं हार्डी म्हणतो. वेबने त्याला १८९८ साली चौथा रँग्लर केलं, लव्हने गणितज्ञ केलं. १९१३ साली मद्रासहून रामानुजन नावाच्या कारकुनाचं पत्र आलं तेव्हा ते ओळखायला केंब्रिजमध्ये हार्डी होता, ही लव्ह यांच्या त्या एका सल्ल्याची दूरची पुण्याई. याच हार्डीने पुढे या परीक्षेविरुद्ध मोहीम उघडली आणि १९०९ नंतर क्रमांक जाहीर करणं बंद झालं.

हार्डी चौथा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९९ साली, शेजारच्या सेंट जॉन्स कॉलेजचा एक मुलगा बर्टविसल या विद्यार्थ्याच्या बरोबरीने सिनियर रँग्लर आला. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे! पहिला भारतीय सिनियर रँग्लर. आनंदमोहन बोस १८७४ मध्ये रँग्लर झाले होते, पण पहिला नंबर हा पहिलाच. 'नेटिवांना गणित जमत नाही' असं म्हणणाऱ्यांना त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मापाने दिलेलं हे उत्तर होतं. पहिल्या नंबराला काही अर्थ नसतो असं म्हणण्याची चैन त्या काळच्या भारताला परवडणारी नव्हती. मराठी माणसाने तर 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटवून टाकली. आमच्या आजोबांच्या पिढीला त्यांचं पाळण्यातलं नाव आठवायला वेळ लागत असे.

परांजप्यांचं करिअर घडवलं कुणी? केंब्रिजच्या तयारीचा वाटा उघड आहे. पण मला वाटतं त्यांचा खरा कोच त्याआधीच भेटला होता, आणि तो घरातला होता: धोंडो केशव कर्वे, आपले अण्णा. नात्यातल्या या हुशार मुलाच्या मुंबईतल्या शिक्षणाची काळजी अण्णांनी वाहिली, आणि पुढे फर्ग्युसनमध्ये ते त्याला गणित शिकवायलाही होते. कर्वे १८९१ साली फर्ग्युसनला गेले, १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, गावाने वाळीत टाकलं, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. याच वर्षांत परांजपे विद्यार्थी होते आणि १८९६ मध्येच सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला निघाले. मास्तर फळ्यावर गणित मांडतो आणि फळ्याबाहेर आयुष्य मांडतो. मुलगा दोन्ही पाहत असतो.

त्याचा परिणाम पुढे दिसला. सेंट जॉन्सने १९०१ मध्ये परांजप्यांना फेलो निवडलं. सिनियर रँग्लरला त्या काळी काय कमी होतं? पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द पाळायला ते पुण्याला परतले, तुटपुंज्या पगारावर गणित शिकवू लागले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. अण्णांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्याचे पहिले कुलगुरू परांजपे. गणितात नवं संशोधन त्यांच्या हातून फारसं झालं नाही, म्हणून काही जण हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. केंब्रिजने त्यांना नंबर दिला, तो कुठे खर्च करायचा हे अण्णांनी शिकवलं होतं. कन्या शकुंतलाबाई आणि नात सई परांजपे यांच्याकडे पाहिलं तरी त्या घरातली हवा कळते.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण संपादकांनी "अनुभव येऊ दे" असं बजावलं आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी कंपनीने मला कोच दिली. एके काळी शाळेत शिकवणाऱ्या, साठीच्या इंग्रज बाई. तोपर्यंत माझी वाट सरळ होती: इथे एमएस्सी, मग प्रोग्रॅमर, मग डिझाईन, पुढची पायरी आर्किटेक्ट. मी त्यांच्याकडे पायरी चढायची तयारी म्हणून गेलो. बाईंनी पहिले दोन महिने पायरीचं नावही काढलं नाही. एकदा त्या क्लायंटच्या गोदामात माझ्याबरोबर आल्या. तिथल्या कामगारांना नवी सिस्टिम कशी वापरायची ते मी दाखवत होतो. बाई मागे स्टुलावर बसून वहीत काही लिहीत होत्या. परतताना गाडीत त्यांनी इतकंच विचारलं, "आज तुम्ही चार तास उभे होतात. घड्याळ किती वेळा बघितलंत?" एकदाही नव्हतं. "आणि डिझाईनच्या मीटिंगमध्ये?" मी हसलो. आर्किटेक्टची वाट मी सोडली आणि आज जे काम करतो, म्हणजे सिस्टिम आणि ती वापरणारी माणसं यांची गाठ घालून देणं, ते तिथून सुरू झालं. पगाराची पट्टी त्या वेळी थोडी खाली आली, हेही नमूद करतो, नाहीतर सगळंच गोड वाटेल.

तर आमच्या घरचा तह असा झाला आहे. सप्टेंबरपर्यंत शनिवारची शिकवणी चालू राहील. राऊथ जिंदाबाद. रविवारी सकाळी मात्र पेपरात न येणारं गणित, आणि ते दोघांपैकी ज्याला सुचेल त्याने काढायचं. गेल्या रविवारी आईने बाजी मारली. तिने फिलिपा फॉसेटची गोष्ट शोधून आणली. १८९० साली या मुलीचे गुण सिनियर रँग्लरपेक्षा वर होते. पण स्त्रियांना क्रमात जागाच नव्हती, म्हणून निकालात तिच्या नावापुढे 'सिनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं आणि पदवी दिलीच नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. लंडनला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१८ साली उभा राहिलेला मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा आपण पाहिला असेल, त्या हिच्या आई.

हे सगळं ऐकून लेक थोडी चिडली, मग तिने विचारलं, "आणि सगळ्यात शेवटी यायचं त्याला काय मिळायचं?" त्याला मित्रमंडळी भलामोठा लाकडी चमचा द्यायची! १९०९ सालचा शेवटचा चमचा तर मीटरभराहून लांब होता, वल्ह्याच्या पात्याचा केलेला, कारण तो मिळवणारा सेंट जॉन्सचा होडी वल्हवणारा गडी होता. म्हणजे परांजप्यांच्याच कॉलेजचा. उन्हाळ्यात केंब्रिजला जायचं ठरलं आहे. मला पीटरहाऊस पाहायचं आहे, बायकोला सेंट जॉन्स, आणि लेकीचा सध्या एकच प्रश्न आहे की वल्ह्याच्या चमच्याने आमटी वाढता येईल का.